दर पाच किलोमीटरला एक पेला

मनीषनगरचं रेल्वेफाटक ओलांडलं आणि सायकलची चेन उतरली. खटकन आवाज झाला, पायडल रिकामं फिरलं, आणि मी "अगं, थांब" म्हणेपर्यंत पंचफुला वीस पावलं पुढे गेली होती. थांबली नाही. तिने ऐकलं नसेल, हे मला तेव्हाही कळत होतं. पळणाऱ्या माणसाच्या कानात स्वतःचा श्वास भरलेला असतो, तिथे दुसरं काही शिरत नाही, हे मीच तिला सांगितलेलं. तरी माझ्या मनाने निवाडा देऊन टाकला की तिने ऐकलं आणि ती थांबली नाही. मे महिना संपत आलेला, नवतपा म्हणजे वर्षातले सगळ्यांत तापलेले नऊ दिवस लागलेले, सकाळचे सहासुद्धा वाजले नव्हते आणि डांबराची धग चपलेतून वर येत होती. दोन्ही बाजूंना नुसते आखलेले प्लॉट, कोपऱ्यांवर चुना फासलेले दगड, मध्येच एखादं अर्धं घर. त्या उघड्या रस्त्यावर तिची निळी हाफपँट आणि पांढरा बनियन लहान होत गेला. मी चारुशीला, एक्केचाळीस वर्षांची, मुलींच्या शाळेतली व्यायामशिक्षिका, पदर खोचून आणि गळ्यात स्टॉपवॉच अडकवून रस्त्याच्या कडेला उकिडवी बसले आणि त्या काळ्या चेनशी झटू लागले. माझ्यावाचून तिचं काही अडलं नव्हतं. एवढीशी गोष्ट, पण तेवढ्याने माझं डोकं फिरलं.

मला तिचा हेवा वाटत होता. हे वाक्य मी इतक्या सरळपणे मनात म्हटलं ते त्या दिवशी पहिल्यांदा, ग्रीसने माखलेले हात समोर धरून. त्याआधी मी त्याला बरीच नावं दिली होती. पोरगी बेफिकीर आहे, पोरीला शिस्त नाही, पोरीचा डावा खांदा वर जातो. खांदा खरंच वर जायचा, पण वीस किलोमीटर ती एक तास अडतीस मिनिटांत काढायची, आणि त्या वेळेपुढे खांद्याला कोण विचारतं? शाळेत माझ्याच हाताखालून गेलेली. शेतकरी घरातली, बाप रुपराव तिकडे गावी शेती बघतो, ही प्रताप नगरला मामाकडे राहून कॉलेजात शिकते. खेड्यातली मुलगी चांगली पळते म्हटलं की लोकांना वाटतं, ही लहानपणी कोसभर पळत शाळेत जात असणार. हिच्या गावची शाळा हिच्या घरासमोर होती. मी एकदा विचारलं, तू पळायला लागलीस कशी? तर म्हणाली, "मले चांगलं वाट्टे बाई." बस्स. याहून मोठं कारण तिच्यापाशी नव्हतं, आणि मला ते फार झोंबलं. माझ्यापाशी कारणं ढीगभर होती आणि कोणी पळू दिलं नव्हतं. चौसष्ट साली मी वीस वर्षांची होते, आठशे मीटरमध्ये पहिली आले होते, छाती अजून धपापत होती, आणि मी टेबलापाशी बसलेल्या अधिकाऱ्याला विचारलं, याहून लांबची शर्यत मुलींना कधी ठेवणार? तो चहा पीत होता. त्याने बशी खाली ठेवली, शेजारच्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "बाई, जास्त पळाल तर मूल व्हायचं नाही." शेजारचाही हसला. मीही हसले, हे मला अजून सलतं. मी ऐकलं. आठशे मीटरच्या पलीकडे कधी पळाले नाही, आणि मूल तरी कुठे झालं? आता एकवीस वर्षांनी तेच लोक, किंवा त्यांच्यासारखेच दुसरे, बायकांच्या मॅरेथॉनचे फॉर्म वाटत फिरत होते. बेचाळीस किलोमीटर. जणू कधी कोणी नाही म्हटलंच नव्हतं. आणि तो फॉर्म पंचफुलाने माझ्याच टेबलावर बसून भरला होता.

चेन एकदा बसली आणि पुन्हा उतरली. मला केशव आठवला, माझा नवरा. सरकारी ऑफिसातला सज्जन कारकून, सात वाजता कूलरच्या खसच्या ताट्यांवर पाणी मारणारा, कोणाच्या अध्यात ना मध्यात. लग्नाला अठरा वर्षं झाली, मी पळायचे हे त्याला माहीत आहे, कपाटावरचा माझा कप तो दिवाळीला पुसतोसुद्धा. पण माझी वेळ काय होती, हे त्याने कधी विचारलं नाही. मार्चपासून मात्र रोज सकाळी मी दारात सायकल लावते न लावते तो आतून विचारतो, "आज किती?" माझ्याबद्दल नाही, तिच्याबद्दल. मी आकडा सांगते. तो कॅलेंडरवर तारखेच्या चौकोनात पेन्सिलने लिहून ठेवतो, आणि चहा पिताना त्या चौकोनांकडे बघत म्हणतो, "तुझ्या हातून घडून राहिली पोरगी." तो हे मनापासून म्हणतो. त्याला वाटतं मला बरं वाटेल. मी त्याच्या हातातली बशी उचलून नेते, रिकामी झालेली नसली तरी.

आणि तो कागद. आमच्याकडे उन्हातून आलेल्या माणसाला लगेच पाणी देत नाहीत. आधी बसवतात, घाम जिरू देतात, हातावर गुळाचा खडा ठेवतात, मग पाणी. माझ्या आईने मला तसंच वाढवलं, पंचफुलाला तिच्या आईने, प्रयागबाईने. मैदानावर आमच्या सरांनीही तेच लावून धरलं होतं. पळताना पाण्याला शिवायचं नाही, पोटात कळ येते, पाय जड होतात. पंचफुलालाही मी हाच नियम घालून दिला होता. आठशे मीटरला हा नियम खपून जातो. मॅरेथॉनला खपत नाही, हे मला एप्रिलपर्यंत माहीत नव्हतं. एप्रिलनंतर माहीत होतं. केशवचा मित्र मधुसूदन कुठल्याशा प्रशिक्षण शिबिराला जाऊन आला होता, त्याने सायक्लोस्टाइल केलेली दोन पानं माझ्या हातात ठेवली. "वहिनी, तुमच्या पोरीच्या कामाची आहेत." इंग्रजी होतं, पण समजण्यासारखं. लांब पळताना दर पाच किलोमीटरला एक पेला पाणी. तहान लागेपर्यंत थांबू नये. भर उन्हात पळणाऱ्याचा घाम अचानक थांबला तर जिवाला धोका समजावा, ताबडतोब पाणी द्यावं, डोक्यावर ओतावं. मी दोन्ही पानं दोनदा वाचली, घडी घातली आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर पसरलेल्या वर्तमानपत्राखाली सरकवली. उद्या सांगू, असं मी म्हटलं. दुसऱ्या दिवशी तिने वीस किलोमीटर पाण्याशिवाय काढले आणि वेळ आधीपेक्षा चांगली आली. मग मी परवा सांगू म्हटलं. मी स्वतः मात्र सायकलवरून तिच्यादेखत बाटलीतलं पाणी पीत असे. मी पळत नव्हते ना. ती एकदा बाटलीकडे बघायची, मग रस्त्याकडे. माझ्याकडे तिने कधी मागितलं नाही. मागितलं असतं तर दिलं असतं का, हे मी स्वतःला विचारलं नाही.

चेन बसली. बेसा गावाच्या अलीकडे शेवटचा अर्धा किलोमीटर मुरमाचा रस्ता आहे, त्यावर सायकल घसरते, म्हणून मी रोज चिंचेच्या झाडाखाली थांबत असे आणि पंचफुला गावातल्या शाळेला हात लावून परत येत असे. त्या दिवशी रागाच्या भरात मी थांबले नाही. न थांबता पुढे निघून गेलीस, आता उभी राहून ऐक, एवढं सुनावायचं होतं मला. सायकल हातात धरून मुरुम तुडवत गेले. शाळेच्या कुडाशी हापशी होती. एक म्हातारी दांडा हापसत होती आणि पंचफुला खाली वाकून, दोन्ही ओंजळी तोंडाला लावून, पाणी पीत होती. "पे वं, पोटभर पे," म्हातारी म्हणत होती. "आज उशीर काहून झाला?" म्हणजे हे रोजचं होतं. पंचफुलाने मला पाहिलं आणि ती उभी राहिली. पाणी तिच्या हनुवटीवरून बनियनवर ठिबकत होतं. चोरी पकडलेल्या लहान पोरासारखा तिचा चेहरा झाला.

"बाई, मीनं नियम मोडला."

"कधीपासून?"

"मार्चपासून. पयल्याच दिवशी चक्कर आली होती. या पार्वतीबाईनं बसवलं, पानी पाजलं. मंग रोजच पेत गेली. तुमाले सांगाची हिंमत नाही झाली." ती खाली बघत होती. मग एकदम म्हणाली, "माहा टाइम खोटा हाय बाई. पानी पेऊन काढलेला हाय. रविवारच्या ट्रायलले मी नाही पळत. दुसऱ्या पोरीचा हक मारल्यावानी होते."

खरं सांगते, पहिल्या क्षणी मला आनंद झाला. पोटातून वर आलेला, गरम, स्वच्छ आनंद. मी काही न करता सगळं जागच्या जागी पडत होतं. रविवारच्या ट्रायलमधून एकच मुलगी पुण्याच्या मॅरेथॉनला जायची होती आणि ती ही नसणार होती, तेही तिच्याच तोंडून. मला फक्त गप्प राहायचं होतं. पण त्या आनंदाच्या पाठोपाठ दुसरं काहीतरी आलं, ते त्याहून वाईट होतं. मला कळलं की ही गेली तर माझं काय उरतं. सकाळी पाचला सायकल काढायची नाही, केशव "आज किती?" म्हणणार नाही, मी पुन्हा शाळेच्या मैदानावर शिट्टी फुंकत, लेझीम बसवत उभी. मला ती पळायला हवी होती, माझ्या हाताखाली. सांगून टाकायचं होतं, एका वाक्याचं काम होतं, की पोरी, तुझं बरोबर आहे, चूक माझी आहे. पण ते वाक्य म्हटल्यावर त्या हापशीपाशी वर कोण आणि खाली कोण? मी वेगळंच म्हणाले.

"झालं ते झालं. मी माफ केलं. रविवारी पळ."

तिने वाकून माझ्या पायांना हात लावला. ओले, गार हात. न केलेल्या गुन्ह्याची माफी मी तिला दिली आणि ती तिने पदरात घेतल्यासारखी घेतली. डोळे भरले होते तिचे. "मंग रविवारी एक थेंब नाही पेनार मी. तुमची शप्पथ हाय बाई." आणि तिने गळ्याची कातडी चिमटीत धरली.  म्हातारी दांड्याला रेलून माझ्याकडे बघत होती. "उनात पोरीले पानी नाही पेऊ देत म्हनता?" तिने विचारलं. "कोनती मास्तरीन वं तू?" मी म्हणाले, आजी, तुम्हाला यातलं कळत नाही. आणि सायकल वळवली.

तिथून रविवारपर्यंत तीन दिवस होते. तीन दिवस म्हणजे सांगायला हजार संधी. पंचफुला दोनदा घरी येऊन गेली, एकदा बूट दाखवायला, एकदा केशवसाठी गावाकडचे आंबे घेऊन. ती ओट्यापाशी उभी राहून माझ्याशी बोलत होती, तिच्या खांद्याच्या वर हातभर फळी आणि फळीवर वर्तमानपत्र. मी तिला पन्हं दिलं. "आता पेतो बाई, आता तर पळून नाही राहिली मी," ती हसून म्हणाली. मी मनाशी हिशेब मांडत होते. ट्रायलला पाण्याचं टेबल असेलच. दुसऱ्या मुली पितील, ते बघून पिईल. तहान लागली की शपथ कोण पाळतं. सकाळी साडेपाचला सुरू होणार, ऊन चढायच्या आत संपणार. मला ती मरायला नको होती. मला ती हरायला हवी होती. या दोन्हींत किती अंतर आहे ते मी तपासायला गेले नाही.

साडेपाचची वेळ होती, प्रमुख पाहुणे सात वाजता आले. त्यांनी स्त्रीशक्तीवर भाषण केलं, मुलींच्या डोक्यावर तोवर ऊन आलेलं. सहा जणी होत्या. प्रताप नगरपासून बेसापर्यंत आणि परत, अशा दोन फेऱ्या, अठ्ठावीस किलोमीटर. मला मनीषनगरच्या फाटकापाशी टेबल दिलं होतं, वर एक माठ, एक तांब्या, चार पेले. केशव सुटीचा दिवस म्हणून सायकलवर आला होता, डोक्याला पंचा, ऊन लागू नये म्हणून खिशात कांदा. तिसऱ्या किलोमीटरला पंचफुला सगळ्यांच्या पुढे आली आणि माझ्याकडे बघून हसली. मागच्या दोघी थांबून पाणी प्यायल्या, त्यांना कोणीतरी सांगितलेलं होतं. बेसाहून परतताना, अकराव्या किलोमीटरला, तिने त्यांना दोनशे मीटर मागे टाकलं होतं. मी पेला पुढे केला. तिने पळता पळता गळ्याची कातडी चिमटीत धरून दाखवली, जणू मला खूश करत होती. तिच्या कपाळावरून घामाच्या धारा लागल्या होत्या. मी पेला खाली ठेवला. चांगली शिस्त आहे, असं मनात म्हटलं. असं मी खरोखर म्हटलं.

सतराव्या किलोमीटरला ती आली तेव्हा साडेआठ होत आले होते. अजून पुढेच होती, पण थोडीशीच. चेहरा लाल नव्हता, राखट होता. मानेवर मिठाचे पांढरे ओघळ वाळले होते. दंडावरची लव उभी राहिलेली, एवढ्या उन्हात, थंडीत राहावी तशी. ती माझ्याकडे बघून हसली आणि ते हसू चेहऱ्यावर जरा चुकीच्या जागी बसलं. "वा," केशव माझ्या कानाशी म्हणाला, "किती ताजी आहे बघ, घामसुद्धा नाही आला." मी त्याच्याकडे वळले. काय बोलले ते आठवत नाही. तांब्या माठात बुडवला, निऱ्या वर खोचल्या, चपला तिथेच टाकल्या आणि पळाले.

एकवीस वर्षांनी पळत होते. डांबर तळव्यांना भाजत होतं, पहिल्या पन्नास पावलांत पोटऱ्या ओढल्या, मग श्वास आपोआप ओळीत आला. शरीर विसरत नाही. तांब्यातलं पाणी हिंदकळून साडीवर सांडत होतं आणि मी त्याच्यावर तळहात धरून पळत होते, आणि मला, देवा शपथ, त्या अवस्थेतही बरं वाटत होतं. तिला गाठायला वेळ लागला नाही. तोच पुरावा होता की ती पडायला आली आहे. मी बरोबरीने पळू लागले.

"पी."

"शप्पथ हाय बाई." जीभ जड झाली होती तिची.

"शपथ खोटी. तो नियम खोटा आहे. दर पाच किलोमीटरला एक पेला प्यायचा असतो. लिहिलेला कागद आहे माझ्या घरी, एप्रिलपासून."

ती चारपाच पावलं तशीच पळाली. मग पावलं आखूड झाली आणि ती थांबली. मीही थांबले.

"मंग सांगितलं काहून नाही?"

मी तीन दिवस ज्या सबबी रचल्या होत्या त्यातली एकही तोंडात आली नाही. "जळत होते तुझ्यावर," मी म्हणाले. "अजूनही जळते. पी आता."

तिने तांब्या घेतला. अर्धा प्यायली, थांबून, घोट घोट, जसं प्यायचं तसं. उरलेला डोक्यावर ओतला. मी तिच्या डोळ्यांत राग शोधत होते, मला तो हवा होता, त्याच्याशी मला भांडता आलं असतं. दोन मुली आमच्या शेजारून पुढे गेल्या. तिने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्या भाजलेल्या पायांकडे, साडीकडे, माझ्या छातीच्या भात्याकडे. मामीशी, आजीशी बोलावं तसं, सांभाळून, ती म्हणाली, "बाई, तुमी आता सावलीत जा. तुमच्यानं नाही होनार."

आणि ती आधी चालत, मग हळू पळत निघाली. ती त्या दिवशी तिसरी आली. पुण्याला दुसरीच मुलगी गेली. मला जे हवं होतं ते झालं, आणि ते केशवने रडवेला होऊन मला सांगितलं. पण हे सगळं नंतरचं. तेव्हा मी रिकामा तांब्या हातात धरून त्या रस्त्यावर उभी होते, केशव मागून सायकल दामटत हाका मारत येत होता, आणि पंचफुला पुढे जात होती. सगळं सांगून झालं होतं, लपवायला काही उरलं नव्हतं, आता तरी मन हलकं व्हायला हवं होतं. तरी माझे पाय तिच्या मागे निघाले. तिला सांभाळायला नव्हे. तिला मागे टाकायला.